फ्लूची लस घ्यावी का? पावसाळ्यापूर्वी घरात करायचा विचार

फ्लूची लस घ्यायची की नाही, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा जुलै-ऑगस्टमध्ये निघतो. शेजारचे कोणी तापाने रुग्णालयात दाखल होते, वर्तमानपत्रात स्वाइन फ्लूची बातमी येते आणि मग घरात लसीची चर्चा सुरू होते. तोवर साथ पसरलेली असते, आणि लस टोचल्यावर शरीरात पुरेसे संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. म्हणून हा विचार एप्रिल-मेमध्ये, हाताशी वेळ असताना करावा. आणि तो एकट्यापुरता न करता घरातल्या प्रत्येकाचे नाव समोर ठेवून करावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

लसीकडून काय अपेक्षा ठेवायची, ते आधी ठरवले पाहिजे. ही लस इन्फ्लुएंझाच्या विषाणूंविरुद्ध आहे. साधे पडसे, कोविड किंवा डेंगी यांच्याशी तिचा संबंध नाही. त्यामुळे वर्षभर सर्दी होणार नाही म्हणून जो लस घेईल, त्याला ती फुकट गेली असेच वाटेल. लसीतले विषाणू आणि साथीतले विषाणू ज्या वर्षी चांगले जुळतात, त्या वर्षी डॉक्टरकडे जावे लागेल अशा फ्लूचा धोका ती साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी करते. जुळणी बिघडली तर हा आकडा खाली येतो. लस घेऊनही फ्लू झाला, तर दुखणे न्यूमोनियापर्यंत किंवा अतिदक्षता विभागापर्यंत जाण्याची शक्यता कमी होते. ज्याला फ्लू म्हणजे चार दिवसांचे अंथरूण, त्याच्या दृष्टीने हा लाभ मध्यम आहे. ज्याच्या जिवावर बेतू शकते, त्याच्या दृष्टीने तो फार मोठा आहे. घेण्या-न घेण्याचा निर्णय या फरकावर अवलंबून ठेवावा.

आता घरातली माणसे एकेक करून डोळ्यांपुढे आणावीत. पासष्टीच्या पुढचे आजी-आजोबा, गर्भवती स्त्री, पाच वर्षांखालचे मूल, दमा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असलेले, हृदयरोगी, मधुमेही, मूत्रपिंडाच्या आजाराचे रुग्ण, कर्करोगावर उपचार घेणारे आणि अवयव प्रत्यारोपण झालेले, यांपैकी कोणी घरात असेल तर त्यांच्या बाबतीत उत्तर बहुतेक वेळा ‘घ्यावी’ असेच येते. हृदयविकाराच्या रुग्णांच्या घरी एक गोष्ट विशेषकरून माहीत असावी. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, इन्फ्लुएंझाचे निदान झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण एरवीच्या सुमारे सहापट आढळले. वडिलांना अँजिओप्लास्टीनंतरच्या गोळ्या वेळच्या वेळी देणारे आपण लसीचा मात्र विचारही करत नाही, हे मला खटकते.

सहा महिन्यांखालील बाळाला ही लस देताच येत नाही. त्याला संरक्षण मिळते ते आईने गरोदरपणात घेतलेल्या लसीतून, आणि त्याला मांडीवर घेणाऱ्या माणसांनी स्वतः लस घेतल्यामुळे. बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या लेकीच्या घरात आजी, मावशी आणि कामाला येणाऱ्या बाई यांचाही विचार व्हावा, तो याच कारणाने.

राहिला प्रश्न तिशी-चाळिशीतल्या धडधाकट माणसाचा. तो एकटा राहत असेल आणि त्याने लस घेतली नाही, तर मी त्याला बेजबाबदार म्हणणार नाही. परंतु त्याच माणसाची आई दमेकरी असेल, तो रुग्णालयात किंवा पाळणाघरात काम करत असेल, तर स्वतःच्या तब्येतीवर विसंबून निर्णय घेणे योग्य नव्हे. आजार तो सोसेल, पण घरी आणेलही.

महाराष्ट्रापुरता वेळेचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. आपल्याकडे फ्लूचा मोठा भर पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर या काळात असतो आणि दुसरा, बहुधा लहान, भर जानेवारी ते मार्चमध्ये येतो. जागतिक आरोग्य संघटना लसीत कोणते विषाणू असावेत याची शिफारस वर्षातून दोनदा करते: फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी. भारत उत्तर गोलार्धात असला, तरी पावसाळ्यापूर्वी मिळणारी ताजी लस ही दक्षिण गोलार्धाची असते आणि आपल्या साथीच्या वेळेला तीच जुळते. काश्मीरमध्ये साथ हिवाळ्यात येते, म्हणून तिथे ऑक्टोबर-नोव्हेंबर ही योग्य वेळ. मुलाकडे अमेरिकेला किंवा इंग्लंडला हिवाळा काढायला निघालेल्या आईवडिलांनीही त्या वर्षीच्या उत्तर गोलार्धाच्या लसीबद्दल डॉक्टरांशी बोलावे.

म्हणून दवाखान्यात गेल्यावर लसीचे खोके मागून पाहावे. त्यावर गोलार्ध, वर्ष आणि मुदत संपण्याची तारीख छापलेली असते. मे महिन्यात गेल्या हंगामाची उरलेली लस पुढे केली गेली, तर नवी कधी येणार हे विचारून थांबणे बरे. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवलेली असावी. गोठलेली किंवा उन्हात तापलेली लस निकामी होऊ शकते, त्यामुळे औषधाच्या दुकानातून आपण विकत घेऊन रिक्षातून नेण्यापेक्षा दवाखान्यातल्या फ्रिजमधूनच ती टोचून घ्यावी. तीन विषाणूंची की चार विषाणूंची, या प्रश्नात अडकू नये. बी-यामागाता हा चौथा प्रकार मार्च २०२० नंतर जगात खात्रीने आढळलेला नाही आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ पासून तो वगळण्याची शिफारस केली आहे. चौथ्यासाठी जास्त पैसे मोजण्याचे कारण उरलेले नाही. स्वाइन फ्लूची वेगळी लसही मागू नये. ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात ज्या विषाणूने देशातला पहिला बळी घेतला, तो एच१एन१ आता दरवर्षीच्या हंगामी फ्लूचाच भाग झाला असून त्याचा अंश नेहमीच्या लसीत असतो.

पूर्वी फ्लूच्या लसीने तीव्र ॲलर्जी होऊन श्वास कोंडला असेल, तर ती लस पुन्हा घेऊ नये. आधीच्या लसीनंतर सहा आठवड्यांच्या आत गिया-बारे सिंड्रोम (नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडण्याचा आजार) झाला असेल, तर मेंदूविकारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. अंगात चांगलाच ताप असेल तर बरे होईपर्यंत थांबावे. नाक वाहते आहे एवढ्यासाठी मात्र थांबू नये. अंड्याची ॲलर्जी किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास तसे आधी सांगावे, पण तेवढ्यावरून लस नाकारली जात नाही. नाकात फवारण्याची लस जिवंत, पण क्षीण केलेल्या विषाणूंची असते; गर्भवतींनी आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी ती घेऊ नये.

खर्चाचे बोलणे टाळून चालणार नाही. ही लस राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात नाही, खाजगीत ती स्वस्त नाही आणि दरवर्षी घ्यावी लागते. महाराष्ट्र शासनाने २०१५ पासून गर्भवती, मधुमेह व उच्च रक्तदाबाचे रुग्ण आणि आरोग्य कर्मचारी यांच्यासाठी सरकारी रुग्णालयांतून ती मोफत देण्यास सुरुवात केली. तेव्हा आधी आशाताईंकडे, ग्रामीण रुग्णालयात किंवा महापालिकेच्या दवाखान्यात साठा आहे का, याची चौकशी करावी. एकाच लसीपुरते पैसे असतील, तर माझ्या मते पहिली गर्भवतीला द्यावी. ती घरात नसेल तर हृदय किंवा फुप्फुसाचा आजार असलेल्या वृद्धाला, आणि मग लहानग्याला. नऊ वर्षांखालील मुलाला, तो ही लस पहिल्यांदा घेत असेल त्या वर्षी, चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, हेही हिशेबात धरावे.

लस टोचल्यावर दंड दुखतो, एखादा दिवस कणकण येते. टोचण्याच्या लसीतले विषाणू मृत असतात, त्यामुळे लसीनेच फ्लू झाला ही समजूत चुकीची आहे. लसीची तारीख, वर्ष आणि गोलार्ध फाईलवर लिहून ठेवावेत, कारण पुढच्या उन्हाळ्यात ते कोणालाच आठवत नाहीत.

लस घेतलेल्या माणसालाही साथीत एकाएकी जोराचा ताप, कोरडा खोकला आणि अंगदुखी सुरू झाली, तर फ्लू नसेलच असे गृहीत धरू नये. वर सांगितलेल्या जोखमीच्या गटातील व्यक्तीने पहिल्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे, कारण ऑसेल्टामिव्हिर हे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत दिल्यास अधिक गुणकारी ठरते. धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर पडणे, गुंगी येणे किंवा मुलाने दूध-पाणी तोडणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात न्यावे.