पुण्याच्या पेठांमधला हेरिटेज वॉक: या चुका टाळा

गेली काही वर्षं मी रविवारी सकाळी लोकांना घेऊन कसबा, बुधवार, शुक्रवार या पेठांमधून फिरते. सुरुवातीच्या एका फेरीत शनिवारवाड्याच्या जोत्यावर उभं राहून मी ‘ध’चा ‘मा’ केल्याची गोष्ट चांगली रंगवून सांगितली. सगळे गप्प होऊन ऐकत होते. फेरी संपल्यावर एक आजोबा थांबले आणि म्हणाले, “बाई, हे कुठल्या कागदात आहे?” मला उत्तर देता आलं नाही. आज फेरी काढणाऱ्यांना आणि फेरीला येणाऱ्यांना जे सांगावंसं वाटतं, त्यातलं बरंचसं त्या एका प्रश्नातून आलं आहे.

आख्यायिका आणि इतिहास एकाच सुरात सांगणं

ही सगळ्यात मोठी चूक आहे आणि सगळ्यात सहज होणारी. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणेशोत्सवाच्या दिवसांत, अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात गारद्यांनी, म्हणजे भाडोत्री शिपायांनी, खून केला. सुमेरसिंग हा त्यांचा म्होरक्या होता. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली आणि नारायणरावांचे काका राघोबादादा यांना दोषी धरून देहान्त प्रायश्चित्त सांगितलं. इथपर्यंत इतिहास. राघोबादादांच्या पत्नी आनंदीबाईंनी हुकमातल्या ‘धरावे’चं ‘मारावे’ केलं, ही आख्यायिका. पौर्णिमेच्या रात्री ‘काका, मला वाचवा’ अशी हाक ऐकू येते, हीसुद्धा आख्यायिकाच.

आख्यायिका गाळा असं मी मुळीच म्हणत नाही. ती गाळली तर वाड्यात दगडच उरतील. पण सांगताना क्रियापद बदला. ‘झालं’ आणि ‘म्हणतात’ यांतला फरक नीट ठेवला की ऐकणाऱ्याला आपण कुठे उभे आहोत ते कळतं. ‘ध’चा ‘मा’ ही गोष्ट सांगून झाली की मी एक प्रश्न विचारते: खुनाचा दोष एका बाईच्या लेखणीवर ठेवणारी गोष्टच लोकांना का आवडली असेल? त्यावर जे बोलणं होतं, ते मूळ गोष्टीपेक्षा जास्त लक्षात राहतं.

अशीच दुसरी गोष्ट सशाची. पहिल्या बाजीराव पेशव्यांनी इथे सशाला कुत्र्याचा पाठलाग करताना पाहिलं आणि ही जागा निवडली, असं सांगतात. हीच गोष्ट अहमदाबादबद्दल सांगतात, विजयनगरबद्दलही सांगतात. एवढं एक वाक्य जोडलं की गोष्ट खोटी पडत नाही, उलट ती किती दूर फिरून पुण्यात आली ते दिसतं. मग तारखा सांगा: पायाभरणी १० जानेवारी १७३०, वास्तुशांत २२ जानेवारी १७३२. दोन्ही दिवस शनिवार.

लाल महालाची खिडकी

लाल महालासमोर फोटो काढताना हमखास कुणीतरी विचारतं, “शाहिस्तेखानानं उडी मारली ती खिडकी हीच का?” नाही. ५ एप्रिल १६६३च्या रात्री महाराजांनी छापा घातला, खानाची बोटं तुटली, त्याचा मुलगा मारला गेला, हे खरं. पण आज दिसते ती इमारत महापालिकेनं बांधली आणि १९८८ मध्ये पूर्ण केली. मूळ महाल केव्हाच नाहीसा झाला होता. हे आधी सांगितलं नाही आणि घरी गेल्यावर कुणाला कळलं, तर बाकी तुम्ही सांगितलेलं सगळं त्याला संशयास्पद वाटू लागतं. म्हणून दारात शिरण्यापूर्वीच सांगून टाका. जवळच कसबा गणपती आहे. जिजाऊ आणि बाल शिवाजीराजे यांनी उजाड पुण्यात सोन्याचा नांगर फिरवला ती गोष्ट मी तिथे सांगते. देवळात माणसं आपोआप शांत होतात आणि गोष्टीला जागा मिळते.

“आत तर काहीच नाही!”

शनिवारवाड्यात शिरल्यावर हे वाक्य ऐकलं नाही अशी एकही फेरी मला आठवत नाही. लोकांच्या डोळ्यांसमोर सिनेमातले महाल असतात आणि समोर हिरवळ नि जोती दिसतात. उपाय सोपा आहे: आत नेण्याआधी बाहेर दहा मिनिटं द्या. दिल्ली दरवाजाचे खिळे हत्तीच्या मस्तकाच्या उंचीवर का आहेत ते दाखवा. १७ नोव्हेंबर १८१७ला वाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं आणि २७ फेब्रुवारी १८२८ला लागलेली आग सात दिवस धुमसत राहिली, हे तिथेच सांगा. मग आत गेल्यावर माणसं रिकामेपणाकडे वेगळ्या नजरेनं बघतात. हजारी कारंज्याच्या काठावर सगळ्यांना गोल उभं करा आणि सोळा पाकळ्यांचं कमळ मुलांना मोजायला लावा. शेवटी नगारखान्यावरून तटावर न्या. तिथून जोत्यांचा नकाशा कागदावर काढल्यासारखा दिसतो.

मस्तानीबद्दल प्रश्न येणारच. वाड्याचा एक दरवाजा तिच्या नावानं ओळखला जातो, पण तिचा महाल कोथरूडला होता. त्या महालाचे अवशेष आणून राजा दिनकर केळकर संग्रहालयात तो पुन्हा उभा केला आहे. ज्यांना मस्तानीचीच ओढ आहे, त्यांना फेरीनंतर तिकडे पाठवा.

एका सकाळी सगळं पुणं

नवीन मंडळी यादी करतात: शनिवारवाडा, नाना वाडा, लाल महाल, कसबा, दगडूशेठ, तुळशीबाग, मंडई, विश्रामबाग, वर त्रिशुंड गणपती आणि पाताळेश्वर. मग दुसऱ्या तासाला निम्मे लोक कट्ट्यावर बसलेले असतात. दोन ते अडीच तास आणि सहा ठिकाणं, एवढं पुरे. शनिवारवाड्यापासून सुरू करून विश्रामबागवाड्यापाशी संपवली की रस्ताही जमतो आणि काळही. १७३२च्या वाड्यापासून निघून दुसऱ्या बाजीरावाच्या १८०७च्या वाड्यापर्यंत, म्हणजे पेशवाईच्या चढापासून उतारापर्यंत आपण चालत जातो.

सुरुवात उशिरा करू नका. तुळशीबाग म्हटलं की लोकांना बांगड्या आणि भांडी आठवतात. मधलं राममंदिर, नारो आप्पाजी तुळशीबागवाल्यांनी उभारलेलं, गर्दीत दिसतच नाही. दुकानं उघडण्याआधी तिथे पोचलात तर शिखर मान वर करून निवांत बघता येतं. मंडईत मात्र सकाळची वेळच हवी. भाजीचे ढीग, घासाघीस, हमालांच्या हाका यांशिवाय ती वास्तू समजत नाही. गणपतीच्या दहा दिवसांत या रस्त्यांवर फेरी काढू नका, माणसं हरवतात. पावसाळ्यात काढायची तर दगडी पायऱ्यांवरून घसरायची भीती धरून चला आणि वयस्कर मंडळींना आधीच चपलांबद्दल सांगा.

फक्त पेशव्यांचं पुणं दाखवणं

या चुकीची मला सर्वांत जास्त खंत वाटते. दगडूशेठ गणपतीसमोर शेकडो माणसं हात जोडतात. रस्त्यापलीकडे भिडे वाडा होता. १८४८मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली ती तिथे. जीर्ण झालेली ती इमारत स्मारकासाठी डिसेंबर २०२३मध्ये पाडली. अजूनही काही जण जुन्या माहितीवर विसंबून ‘आता आपण भिडे वाडा बघू’ म्हणतात आणि तिथे पोचल्यावर गोंधळतात. निघण्याच्या आदल्या दिवशी स्वतः जाऊन बघून या. जुन्या वाड्याचा फोटो छापून बरोबर ठेवा आणि त्या जागेसमोरच तो हातात द्या. माझ्या फेरीत याच ठिकाणी एका शिक्षिकेला भरून आलं होतं. त्यानंतर मी इथला वेळ कधी कापलेला नाही.

तिथून मंडई जवळ. अष्टकोनी मनोरा, गॉथिक कमानी, १८८६ साल, गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव, एवढं सांगून पुढे सरकू नका. या बाजारावर एवढा पैसा घालण्यापेक्षा तो शिक्षणावर खर्च करा, असं म्हणून नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीरावांनी विरोध केला होता. आज त्याच मंडईला महात्मा फुल्यांचं नाव आहे. भाजीवाल्या मावशींच्या गाळ्यांमध्ये उभं राहून हे ऐकताना लोक क्षणभर थबकतात.

देवांच्या नावांची एकच व्युत्पत्ती सांगणं

सोन्या मारुती, जिलब्या मारुती, डुल्या मारुती, पासोड्या विठोबा, खुन्या मुरलीधर. पाहुण्यांना ही नावं फार आवडतात आणि प्रत्येक जण कारण विचारतो. जवळ पासोड्यांचा, म्हणजे जाड पांघरुणांचा, बाजार होता म्हणून पासोड्या विठोबा, हे पटण्यासारखं आहे. जिलब्या मारुतीचं मात्र कुणी शेजारच्या हलवायाचं दुकान सांगतं, कुणी जिलब्यांच्या माळेचा नवस सांगतं. सदाशिव पेठेतला मुरलीधर ‘खुन्या’ झाला तो प्रतिष्ठापनेच्या वेळच्या चकमकीत माणसं मारली गेली म्हणून, असं सांगतात. एकाच नावाच्या दोन गोष्टी असतील तर दोन्ही सांगा. आणि देवळात आजी बसलेल्या असतील तर त्यांनाच विचारा. त्यांनी सांगितलेली तिसरी गोष्ट लिहून घ्यायला एक वही खिशात असू द्या.

पेठांच्या नावांचंही असंच. वार आठवड्याचे असले तरी पेठा एका दमात वसलेल्या नाहीत. रविवार पेठ पूर्वी मलकापूर होती, शुक्रवार विसापूर, सोमवार शहापूर. सदाशिव पेठेचं नाव पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंचं. त्याच पानिपताशी लकडी पुलाची आख्यायिका जोडलेली आहे: हरून आलेल्या सैनिकांना लोकांसमोरून शहरात यायची लाज वाटू नये म्हणून नानासाहेबांनी तो लाकडी पूल बांधला. खरी-खोटी बाजूला ठेवली तरी एका शहराच्या दुःखाची ही गोष्ट मला फार जवळची वाटते.

पाणी विसरणं

नानासाहेब पेशव्यांनी १७५०च्या सुमारास कात्रजच्या तलावातून जमिनीखालच्या बांधीव नळानं पाणी पुण्यात आणलं. ते वाड्यांतल्या आणि रस्त्यांवरच्या हौदांमध्ये पडायचं. फडके हौद, काळा हौद, बदामी हौद ही नावं आपण रिक्षावाल्याला सांगतो, पण हौद कुठे असं कुणी विचारत नाही. नळातली हवा मोकळी होण्यासाठी बांधलेले उच्छ्वासही दाखवण्यासारखे असतात. ज्या फेरीत पाणी आलं, ती फेरी एकदम घरगुती होते. पन्नाशी-साठीच्या बायका आजोळच्या हौदाबद्दल बोलू लागतात. कुणी पुराची आठवण काढतं: १२ जुलै १९६१, पानशेत धरण फुटलं तो दिवस. नदीकाठच्या पेठांमधून वाढलेल्या माणसाला त्या दिवसाबद्दल विचारलंत तर तुम्हाला पुढचा अर्धा तास बोलावं लागणार नाही. बोलू द्या. फेरी लांबली तर शेवटचं एक ठिकाण सोडा.

वाडा म्हणजे कुणाचं तरी घर

बोळात शिरून दिंडी दरवाजा उघडा दिसला की वीस माणसं चौकात घुसतात आणि तुळशीवृंदावनाचे फोटो काढतात. आत कुणी केस वाळवत असतं, कुणी आजारी असतं. आदल्या दिवशी परवानगी घ्या, पाचापाचांचे गट करा, चौकातच थांबा, जिना चढू नका. एका वाड्यातल्या काकूंनी मला एकदा हात जोडून सांगितलं होतं, “ताई, आमचं स्वयंपाकघर बघायला आणू नका हो.” तेव्हापासून त्या बोळात मी बाहेरच उभी राहून बोलते.

ऐन वेळी अडलं तर

आवाज पोचत नाही: गर्दीच्या चौकात बोलूच नका. गोष्ट अलीकडच्या बोळात सांगून घ्या, चौकात फक्त बोट दाखवा. कमरेला लावायचा छोटा माइक पंधराच्या वर माणसं असतील तर लागतोच.

दार बंद निघालं: विश्रामबागवाड्याच्या बाबतीत हे होऊ शकतं. बाहेरून लाकडी सुरूच्या खांबांची माडी दिसते, तिच्यावरच दहा मिनिटं बोलता येतं. १८२१मध्ये या वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली आणि १८७९च्या आगीत दर्शनी भाग जळाला, हे रस्त्यावर उभं राहूनही सांगता येतं. बंद दारासमोर हळहळ करत बसलात तर सगळ्यांचाच उत्साह जातो.

कुणी वाद घालायला लागलं: “आमच्या घरी वेगळंच सांगतात,” म्हणणाऱ्याला थांबवू नका, दोन मिनिटं त्याला द्या. जातीवरून किंवा धर्मावरून आवाज चढू लागला, तर मात्र पुढच्या ठिकाणी चालायला लागा आणि त्या माणसाबरोबर स्वतः चाला.

गट तुटला: लक्ष्मी रस्ता ओलांडताना होतं. शेवटी चालणारा एक माणूस ठरवा आणि त्याला सोडून पुढे जाऊ नका.

मुलं कंटाळली: गोष्ट थांबवा आणि काहीतरी शोधायला सांगा. त्रिशुंड गणपतीची वेगळी फेरी मी मुलांसाठीच काढते. सोमवार पेठेतलं हे अठराव्या शतकातलं देऊळ, मोरावर बसलेला तीन सोंडांचा गणपती. दर्शनी भिंतीवर गेंड्याला साखळदंडानं बांधणारे गोरे शिपाई कोरलेले आहेत. “भिंतीवर एक असा प्राणी आहे, जो पुण्याच्या रानात आढळत नाही. शोधा,” एवढंच मी सांगते आणि बाजूला उभी राहते. मोठी माणसं माहितीचा फलक वाचत असतात, आणि पहिली आरोळी नेहमी सात-आठ वर्षांच्या एखाद्या पोराची येते.