ॲरे वापरताना या चुका टाळा

ॲरे म्हणजे एकाच नावाखाली ओळीने ठेवलेल्या किमती. त्यातली जी चूक एरर देते, ती परवडली. निदान कुठल्या ओळीत गडबड आहे ते तरी कळतं. जीव खातात त्या चुका, ज्यात प्रोग्राम मुकाट्याने चालतो आणि उत्तर चुकवतो.

हद्दीचंच बघा. पाच गुणांच्या ॲरेचे इंडेक्स, म्हणजे घटकांचे क्रमांक, 0 ते 4. तरी लूपमध्ये, म्हणजे तीच कृती पुन्हा पुन्हा करणाऱ्या कोडमध्ये, आय हा चालू इंडेक्स धरून 'आय <= 5' हमखास लिहिलं जातं. जावा आणि पायथन या भाषा प्रोग्राम तिथल्या तिथे थांबवतात. सी ही भाषा काहीच तपासत नाही. पुढच्या मेमरीत असेल ते उचलते, आणि तिथे लिहिलंत तर भलतंच व्हेरिएबल बदलू शकतं. सीमध्ये एखादी किंमत हात न लावता बदलत असेल, तर आधी आजूबाजूच्या ॲरेचे लूप बघा. पायथनचा धोका उलट्या टोकाला आहे. मागच्या घटकाशी तुलना करायला 'आय - 1' लिहिलंत आणि आय 0 असेल, तर इंडेक्स -1 होतो, म्हणजे शेवटचा घटक! पहिल्या गुणांची तुलना शेवटच्याशी होते आणि एररही येत नाही.

कॉपीची चूक मला सगळ्यात घातक वाटते. पायथनमध्ये 'बी = ए' लिहिल्याने दुसरी लिस्ट (पायथनमधला ॲरे) तयार होत नाही, एकाच लिस्टला दोन नावं मिळतात. '[[0] * 3] * 3' तर चांगल्या चांगल्यांना फसवतं. दिसायला तीन ओळींचा तक्ता, पण तिन्ही ओळी म्हणजे एकच लिस्ट. पहिल्या ओळीत 7 भरा, तिन्ही ओळींत 7 उमटतो. '[[0] * 3 for आय in range(3)]' या धर्तीवर, म्हणजे लूपच्या प्रत्येक फेरीत नवी ओळ तयार करा.

लूप चालू असताना त्याच लिस्टमधून घटक काढू नका. [2, 4, 5] मधून सम संख्या काढायच्या आहेत. 2 गेला की 4 सरकून त्याच्या जागी येतो, लूप मात्र पुढे गेलेला असतो. उरतं [4, 5]. हवे ते घटक नव्या लिस्टमध्ये घ्या.

जावास्क्रिप्टचा सॉर्ट आकड्यांनाही मजकूर समजतो, म्हणून 9, 10, 1 चा क्रम 1, 10, 9 लागतो. तुलनेचं फंक्शन स्वतः द्या.

काहीच सापडत नसेल, तर प्रत्येक फेरीत इंडेक्स आणि लांबी शेजारी शेजारी प्रिंट करा. मग तोच कोड रिकाम्या ॲरेवर आणि एकच घटक असलेल्या ॲरेवर चालवून बघा.