अल्काप्टोन्युरियात सांधे कसे जपावेत

बाळाच्या लंगोटावरचा लघवीचा डाग काही वेळाने तपकिरी-काळा पडत असेल आणि साबण लावल्यावर फिका होण्याऐवजी अधिकच गडद होत असेल, तर तो लंगोट डॉक्टरांना अवश्य दाखवावा. अल्काप्टोन्युरिया या जन्मजात, आनुवंशिक आजाराची ही बहुधा पहिली खूण असते आणि ती वेळीच ओळखली, तर सांधे दुखू लागण्याआधीची कितीतरी वर्षे हाताशी राहतात. निदानासाठी लघवीतील होमोजेन्टिसिक आम्ल मोजून घ्यावे. सख्ख्या भावंडांनाही हा आजार असण्याची शक्यता चारांत एक असल्याने त्यांचीही तपासणी करावी.

टायरोसिन या प्रथिनांतील घटकाच्या विघटनासाठी लागणारे एक विकर (एन्झाइम) जन्मतः निकामी असल्याने होमोजेन्टिसिक आम्ल शरीरात साचते, कूर्चेत (सांध्यांतील मऊ हाडात) त्याचे काळपट रंगद्रव्य बनते आणि एरवी लवचिक असणारी कूर्चा ठिसूळ होऊन तिचे कपचे निघू लागतात. साधारणतः तिशीत कंबर आखडते, पुढे गुडघे, खुबे आणि खांदे दुखू लागतात. या दुखण्याची गल्लत अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस या मणक्यांच्या दाहाच्या आजाराशी होऊ शकते, म्हणून डोळ्यांच्या पांढऱ्या भागावरचे तपकिरी ठिपके आणि कानाच्या कूर्चेवरची निळसर छटा आपणहून डॉक्टरांच्या नजरेस आणून द्यावी.

होमोजेन्टिसिक आम्ल तयार होणे रोखणाऱ्या नायटिसिनोन या औषधाला युरोपात 2020 मध्ये प्रौढ रुग्णांसाठी मान्यता मिळाली असून रोजच्या 10 मिलिग्रॅम मात्रेने लघवीतील हे आम्ल 99 टक्क्यांहून अधिक घटल्याचे दिसले आहे. मात्र त्यामुळे रक्तातील टायरोसिन वाढते. म्हणून आहारतज्ज्ञांकडून प्रथिनांचे प्रमाण ठरवून घ्यावे, आणि डोळा दुखू लागला किंवा उजेड सहन होईनासा झाला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. केवळ क जीवनसत्त्वावर भिस्त ठेवू नये, असे मी आग्रहाने सांगेन, कारण त्याचा ठोस उपयोग सिद्ध झालेला नाही.

उड्या, धावणे, जड वजन उचलणे आणि धक्काबुक्कीचे खेळ टाळावेत. पोहणे आणि मांडीचे स्नायू बळकट करणारे सौम्य व्यायाम मात्र सोडू नयेत. टाचेमागची कंडराही (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) या आजारात सहज तुटू शकते, त्यामुळे तिथले दुखणे अंगावर काढू नये.

खुबा किंवा गुडघा बदलण्याची वेळ आलीच, तर कृत्रिम सांध्यात हे रंगद्रव्य साचणारी कूर्चाच नसल्याने मनात धास्ती बाळगू नये. फक्त महाधमनीची झडपही कडक होत असल्याने शस्त्रक्रियेआधी हृदयाची इको तपासणी आठवणीने करून घ्यावी.