फिलाडेल्फिया: घंटेपुरतं नको, दोन दिवस काढून जा

न्यू जर्सीत मुलांकडे आलेल्या आईवडिलांचा अमेरिका दौरा बहुतेक एकाच साच्यातला असतो. न्यूयॉर्क, नायगारा, वॉशिंग्टन आणि वाटेत फिलाडेल्फियाला बस चाळीस मिनिटं थांबते. लिबर्टी बेल ही स्वातंत्र्याची तडकलेली घंटा बघा, फोटो काढा, चला बसा. आम्हीही आईबाबांना पहिल्यांदा असंच नेलं. बस सुटल्यावर बाबांनी विचारलं, "घंटा तडकली कशी ते कळलंच नाही." आम्हा कुणालाच ते माहीत नव्हतं. पुढच्या वर्षी दोन रात्री राहून तेच शहर पुन्हा पाहिलं, तेव्हा पहिली खेप फुकट गेली होती हे पटलं. त्या दुसऱ्या खेपेच्या अनुभवावरून हा बेत लिहितो आहे.

१. आधी महिना, मग बाकीचं

हे शहर पायी बघायचं आहे, म्हणून हवेचा विचार पहिला. एप्रिल-मे किंवा सप्टेंबरचा मध्य ते ऑक्टोबर हे सगळ्यात सुखाचे दिवस. जुलै-ऑगस्टमध्ये पारा तिशीच्या वर जातो आणि दमटपणा मुंबईची आठवण करून देतो. जानेवारी-फेब्रुवारीत गर्दी नसते, पण गोठवणाऱ्या थंडीत साठीच्या माणसांना रस्तोरस्ती चालवणं काही खरं नाही. ४ जुलैला, म्हणजे स्वातंत्र्यदिनी, तिथं असण्याची मजा वेगळीच, पण हॉटेलचे दर आणि गर्दी सोसायची तयारी हवी.

भारतातून येणाऱ्यांनी व्हिसा हातात पडेपर्यंत परत न मिळणारी कुठलीही आरक्षणं करू नयेत. प्रवासी आरोग्य विमा निघण्यापूर्वीच घ्यावा आणि जुन्या आजारांबद्दल त्यात काय लिहिलंय ते वाचावं. रोजची औषधं चिठ्ठीसकट हातातल्या बॅगेत ठेवावीत. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी कुणीतरी विसरतंच.

२. एका तिकिटाभोवती सगळा बेत बांधा

इंडिपेन्डन्स हॉल हा या सहलीचा गाभा. १७३२ साली पेनसिल्व्हेनिया प्रांताच्या विधिमंडळासाठी ही इमारत बांधायला घेतली. १७७६ मध्ये स्वातंत्र्याचा जाहीरनामा इथेच मंजूर झाला आणि १७८७ च्या उन्हाळ्यात राज्यघटनाही इथेच लिहिली गेली. दोन्ही एकाच दालनात. १९७९ पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

प्रवेश फुकट आहे, पण वर्षाचे बहुतेक महिने वेळ ठरवून दिलेलं तिकीट लागतं. ते राष्ट्रीय उद्यानांच्या आरक्षणाच्या सरकारी संकेतस्थळावर मिळतं आणि माणशी एक डॉलर आरक्षण शुल्क पडतं. सुट्ट्यांच्या दिवसांतल्या सकाळच्या वेळा भराभर संपतात. आम्ही पहिल्या खेपेला "फुकटच तर आहे, बघू तिथे गेल्यावर" म्हणून अकराला पोचलो आणि बाहेरूनच विटा बघून परतलो. त्यामुळे तारीख नक्की झाली की पहिलं काम हेच, हॉटेल त्यानंतर. शक्यतो सकाळी नऊ-दहाची वेळ घ्या. तपासणीच्या रांगेसाठी अर्धा तास आधी पोचा. मोठी बॅग आणि खिशातला चाकू खोलीवरच ठेवा. आईच्या पर्समध्ये सफरचंद कापायची सुरी असतेच, ती आठवणीनं काढा.

आत रेंजर, म्हणजे राष्ट्रीय उद्यानांचे कर्मचारी, माहिती सांगतात. दालनातलं बरंचसं फर्निचर त्या काळातलं असलं तरी मूळचं नाही. अध्यक्षांच्या जागेवरची, पाठीवर अर्धा सूर्य कोरलेली उंच खुर्ची मात्र खरी. घटनासभेत जॉर्ज वॉशिंग्टन तिच्यावर बसत. सभा संपताना बेंजामिन फ्रँकलिन म्हणाले की हा सूर्य उगवतीचा की मावळतीचा, हे इतके दिवस ठरवता येत नव्हतं, आज कळलं की तो उगवतीचा आहे. ही गोष्ट आधी घरी सांगून ठेवा, म्हणजे खुर्ची दिसल्यावर सगळ्यांच्या माना एकदम वळतात.

३. घंटा: तिकीट नाही, पण घाईही नको

लिबर्टी बेल समोरच आहे आणि तिला तिकीट लागत नाही. सकाळी दार उघडताना किंवा दुपार उलटल्यावर गेलात तर रांग कमी असते. फारच गर्दी असेल तर बाहेरच्या काचेतूनही ती दिसते.

आता बाबांच्या प्रश्नाचं उत्तर. ही घंटा १७५१ मध्ये लंडनहून मागवली. आल्यावर वाजवून पाहिली तर तडकली. मग जॉन पास आणि जॉन स्टो या इथल्या दोन कारागिरांनी ती वितळवून पुन्हा ओतली, आवाज पसंत पडला नाही म्हणून आणखी एकदा ओतली. आज दिसते ती ही १७५३ ची घंटा, वजनाला साधारण ९४३ किलो. ती पुढे एकोणिसाव्या शतकात कधीतरी पुन्हा तडकली. १८४६ मध्ये वॉशिंग्टनच्या जयंतीला वाजवता यावी म्हणून चिरेच्या कडा एकमेकींवर घासू नयेत इतकी ती चीर मुद्दाम रुंद केली. म्हणजे फोटोत सगळे बोट दाखवतात ती रुंद फट ही मुळात दुरुस्ती आहे! खरी घात करणारी बारीक रेघ तिथून वर, अक्षरांमधून गेली आहे. ती शोधा. शोधता शोधता 'पेनसिल्व्हेनिया'च्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर कमी आहे हेही दिसेल.

घंटेच्या दालनाला लागूनच राष्ट्राध्यक्षांच्या घराची जागा आहे. १७९० ते १८०० ही दहा वर्षं देशाची राजधानी फिलाडेल्फिया होती आणि वॉशिंग्टन इथं राहत. त्या घरात नऊ गुलाम माणसं राबत होती. त्यांतली ओना जज १७९६ मध्ये पळून गेली आणि वॉशिंग्टननी खटपट करूनही पुन्हा हाती लागली नाही. स्वातंत्र्याच्या घंटेपासून हे अंतर काही पावलांचं आहे. मुलं बरोबर असतील तर इथं थांबून हे त्यांना सांगावं असं मला वाटतं.

४. राहायचं कुठे, यायचं कसं

ओल्ड सिटी किंवा सेंटर सिटी या भागांत रहा. विमानतळाजवळचं स्वस्त हॉटेल घेऊन वाचवलेले पैसे टॅक्सीत जातात. दर बघताना दोन गोष्टी जमेस धरा: खोलीवर पंधरा टक्क्यांहून जास्त कर लागतो आणि पार्किंगचे पैसे सहसा वेगळे पडतात.

म्हणून शक्यतो गाडी आणूच नका. न्यू जर्सीतल्या मेट्रोपार्क किंवा एडिसनहून एनजे ट्रान्झिटच्या लोकलनं ट्रेंटन, तिथं गाडी बदलून सेप्टा या फिलाडेल्फियाच्या वाहतूक सेवेच्या ट्रेंटन मार्गानं थेट जेफरसन स्टेशन. न्यूयॉर्कहून अॅमट्रॅकची लांब पल्ल्याची रेल्वे सुमारे दीड तासात थर्टिएथ स्ट्रीट स्टेशनला सोडते. विमानानं येणाऱ्यांना विमानतळावरूनच सेप्टाची लोकल मिळते.

शहरात हरवणं अवघड आहे. १६८२ मध्ये पेनसिल्व्हेनिया वसवणाऱ्या विल्यम पेननं आखलेलं हे शहर पाटीवर आखलेल्या चौकोनांसारखं आहे. नदीकडून आकड्यांचे रस्ते, त्यांना छेदणारे बरेचसे झाडांच्या नावांचे: चेस्टनट, वॉलनट, स्प्रूस, पाइन. पहिला आणि चौदावा रस्ता तेवढे शोधू नका. पहिल्याचं नाव फ्रंट आणि चौदाव्याचं ब्रॉड.

५. पहिला दिवस पायी

हॉल आणि घंटा झाली की चेस्टनट रस्त्यानं कारपेंटर्स हॉलला जा. १७७४ ची पहिली काँटिनेंटल काँग्रेस, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींची सभा, इथं भरली होती. तिथून उत्तरेला पाचवा रस्ता आणि आर्च रस्ता यांच्या कोपऱ्यावर फ्रँकलिनची कबर आहे. कुंपणातल्या गजांतून ती फुटपाथवरूनच दिसते आणि लोक तिच्यावर एक सेंटची नाणी टाकतात. काटकसरीचे धडे देणाऱ्या माणसाच्या कबरीवर पैसे उधळायचे, हे मला अजून पचलेलं नाही.

पुढे दुसऱ्या रस्त्यावरून आत वळणारी एलफ्रेथ्स अॅली. दोन्ही बाजूंना चिकटून उभी असलेली विटांची ३२ घरं, सुतार-लोहार-शिंपी अशा कारागिरांची. तिथं आजही लोक राहतात, तेव्हा खिडक्यांतून डोकावू नका आणि दारातल्या पायऱ्यांवर बसून फोटो काढू नका. बेट्सी रॉसचं घर वाटेत लागतं, पण अमेरिकेचा पहिला झेंडा तिनं शिवला ही गोष्ट इतिहासकार छातीठोकपणे मान्य करत नाहीत. वेळ कमी असेल तर मी ते वगळेन. स्वच्छतागृहासाठी सहावा रस्ता आणि मार्केट रस्ता इथलं पर्यटक केंद्र लक्षात ठेवा. ज्येष्ठांबरोबर ही माहिती कुठल्याही इतिहासापेक्षा मोलाची.

६. पोटाचं बघा

दुपारी रीडिंग टर्मिनल मार्केट गाठा. १८९३ पासून जुन्या रेल्वे स्टेशनच्या पोटात भरणारा हा बाजार आहे. आमिश या जुन्या पद्धतीनं राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची दुकानं रविवारी बंद असतात, म्हणून शक्यतो शुक्रवारी किंवा शनिवारी जा. लोण्यानं माखलेला गरम प्रेट्झेल शाकाहाऱ्यांना चालतो आणि १८६१ पासून चालत आलेलं बॅसेट्सचं आइसक्रीम सगळ्यांनाच. या शहराचं नाव काढलं की पुढे येणारं चीजस्टेक म्हणजे पावात घातलेलं गोमांस. नावात चीज आहे म्हणून ऑर्डर देऊ नका. भाजीचं होगी (लांब पावाचं सँडविच) किंवा शाकाहारी चीजस्टेक बऱ्याच ठिकाणी मिळतं, फक्त स्पष्ट विचारा. भात-वरणाची आठवण झालीच तर विद्यापीठाच्या बाजूला युनिव्हर्सिटी सिटीत भारतीय हॉटेलं आहेत.

खरेदीबद्दल एकच: शहरात विक्रीकर आठ टक्के आहे, पण रोजच्या कपड्यांवर आणि चपला-बुटांवर तो लागत नाही. हे आईला सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

७. दुसरा दिवस: तुमच्या आवडीचा, आणि एक फेरी आनंदीबाईंसाठी

सकाळी एकच मोठं ठिकाण निवडा. इतिहासात रस असेल तर अमेरिकन क्रांतीचं संग्रहालय, तिथं वॉशिंग्टनचा युद्धातला तंबू ठेवला आहे. काही वेगळं हवं असेल तर ईस्टर्न स्टेट तुरुंग. १८२९ मध्ये सुरू झालेल्या या तुरुंगात कैद्यांना पश्चात्तापासाठी पूर्ण एकांतात ठेवत. १९७१ पासून तो बंद आहे आणि पडझडीच्या अवस्थेतच जपलेला आहे. कलासंग्रहालयाच्या ७२ पायऱ्या बॉक्सिंगच्या एका चित्रपटामुळे गाजल्या. गुडघे बरे असतील तर चढा.

दुपार मात्र राखून ठेवा. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये पतीशिवाय अमेरिकेला आल्या, न्यू जर्सीतल्या रोझेल गावी कार्पेंटर कुटुंबाकडे उतरल्या आणि तिथून शिकायला फिलाडेल्फियाला गेल्या. रोझेल एडिसनपासून फार लांब नाही. म्हणजे आज आपण ज्या बाजूनं येतो, त्याच बाजूनं त्याही आल्या. ११ मार्च १८८६ ला पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या आणि त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. हे महाविद्यालय एकविसावा रस्ता आणि नॉर्थ कॉलेज अॅव्हेन्यू यांच्या कोपऱ्यावर होतं, तुरुंगाच्या जागेहून उत्तरेला. १९३० मध्ये ते शहराच्या दुसऱ्या भागात हललं, तेव्हा इमारत बघायची अपेक्षा ठेवू नका. दिवसाउजेडी टॅक्सीनं जा, कोपऱ्यावर दहा मिनिटं उभे रहा आणि परत या.

आदल्या रात्री एक काम करा. या महाविद्यालयाचा जुना संग्रह ड्रेक्सेल विद्यापीठाकडे आहे आणि त्यातला १८८५ चा फोटो इंटरनेटवर सहज मिळतो. साडीतल्या आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लांबुली, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. तो फोनवर उतरवून घ्या. कोपऱ्यावर उभं राहून तो आईच्या हातात द्या.