मस्टर नंतर उचला, सेवापुस्तकं आधी वाचा

मार्च २०१४. नायब तहसीलदार म्हणून रुजू होऊन मला नववा दिवस होता. दहा वाजून दहा मिनिटांनी मी मस्टर, म्हणजे हजेरीपट, उचलून माझ्या टेबलावर आणलं आणि अकराच्या आत सात जणांच्या नावे कारणे दाखवा नोटिसा काढल्या. तेव्हा कार्यालयाची वेळ दहाची होती. शिस्त म्हणजे काय ते दाखवायचं, असं मी ठरवूनच आले होते.

संध्याकाळपर्यंत सात खुलासे आले. सहा जणांचा मजकूर जवळजवळ एकच, 'एसटी वेळेवर न आल्याने'. सातवा आवक-जावकच्या लिपिकाचा होता, दोन ओळींचा: 'काल रात्री गारपीट नुकसानीचा अहवाल आपल्या आदेशानुसार टंकलिखित करीत होतो. सदर अहवालावर आपली स्वाक्षरी रात्री १ वाजून २० मिनिटांनी झालेली आहे.' खाली 'आपला विश्वासू'.

त्या वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपिटीनं उभी पिकं झोपवली होती. त्यात ५ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. पंचनामे, रोजचे अहवाल आणि निवडणूक, सगळं एकदम आलं. रात्री मी सही करून शासकीय गाडीनं घरी गेले. तो पोरगा स्कॅन करून, मेल पाठवून, दोनच्या सुमाराला कार्यालयाला कुलूप लावून पायी गेला होता, हे मला खुलासा वाचून कळलं. नोटीस मागे घेतली. पण ती द्यायला नको होती, हे अख्ख्या कार्यालयाला माझ्याआधी कळलेलं होतं.

राज्यसेवेतून निवड झालेली मुलं-मुली हल्ली भेटायला येतात आणि विचारतात, 'मॅडम, स्टाफकडून काम कसं करून घ्यायचं?' त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. प्रशिक्षणात तुम्हाला माणसाच्या गरजांची उतरंड दाखवणारा मास्लोचा त्रिकोण दाखवतील. मलाही दाखवला होता, परीक्षेत लिहूनही आले. तहसील कार्यालयात पोचल्यावर कळतं की त्या त्रिकोणाची एकही पायरी तुमच्या अखत्यारीत नाही. पगार शासन ठरवतं. पदोन्नती ज्येष्ठता यादीवर चालते. बक्षीस देता येत नाही. शिक्षा करायची तर सक्षम अधिकारी वर बसलेला, तुम्ही फक्त प्रस्ताव पाठवायचा. बदल्यांच्या २००५च्या कायद्यानं एका पदावरचा सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा ठरवलाय. त्यामुळे तुम्ही जाणार आणि ते राहणार, हे दोघांनाही पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. 'असे छप्पन्न साहेब बघितले' हे वाक्य तुमच्या पाठीमागे कुणीतरी बोललेलं असणारच. मनाला लावून घेऊ नका, हिशेब बरोबर आहे.

मग हातात उरतं काय? मला हे आमच्या आस्थापना शाखेच्या, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या सेवेचे कागद बघणाऱ्या शाखेच्या, अव्वल कारकुनानं शिकवलं. सगळे त्यांना अण्णा म्हणत. नोटिशीच्या प्रकरणानंतर दोन दिवसांनी ते चहा घेऊन आले, दार लोटलं आणि म्हणाले, 'मॅडम, नोटीस काढायच्या आधी माणसाचं सेवापुस्तक बघत जा. पुस्तकात माणूस असतो.'

सेवापुस्तक म्हणजे कर्मचाऱ्याच्या नोकरीतल्या सगळ्या नोंदींचं पुस्तक. मी खरंच बघायला बसले. माझ्याकडच्या शाखांमधल्या अकरा जणांची सेवापुस्तकं मागवली आणि रोज संध्याकाळी दोन-दोन वाचली. तुम्हीही पहिल्या महिन्यात हे करा, यापेक्षा उपयोगाचं मी दुसरं काही सांगू शकणार नाही. सेवापुस्तक दरवर्षी कर्मचाऱ्याला दाखवून त्याची सही घ्यायची असते. अकरापैकी चौघांच्या पुस्तकांवर कित्येक वर्षांत अशी सही नव्हती. एकाची वेतनपडताळणी, म्हणजे पगार बरोबर ठरलाय का याची तपासणी, झालेली नव्हती. एका शिपायाचं लग्न होऊन नऊ वर्षं झाली होती, दोन मुलं होती, पण नामनिर्देशनात अजून वारलेल्या आईचं नाव. संजय गांधी निराधार योजनेचं टेबल सांभाळणाऱ्या बाईंनी नवऱ्याच्या ऑपरेशनचा खर्च परत मिळावा म्हणून वैद्यकीय प्रतिपूर्तीचं देयक टाकलं होतं. ते आमच्याच कार्यालयातल्या एका कपाटात चौदा महिने पडून होतं, जिल्हा शल्यचिकित्सकांकडे गेलेलंच नव्हतं. एक किरकोळ त्रुटी होती आणि ती बाईंना कुणी सांगितलीच नव्हती.

आणि तो सातवा लिपिक. सेवेला बारा वर्षं पूर्ण झालेली. तेव्हा आश्वासित प्रगती योजनेचा, म्हणजे पदोन्नती न मिळताही वरच्या वेतनश्रेणीचा, पहिला लाभ बारा वर्षांनी मिळत असे (सातव्या वेतन आयोगानंतर ते दहा, वीस, तीस झालं). त्याला तो मिळालेला नव्हता, कारण वरिष्ठानं कामाबद्दल लिहायचे असतात ते गोपनीय अहवालच दोन वर्षांचे नव्हते. माझ्या आधीचे एक अधिकारी बदली होताच निघून गेले, जाताना अहवाल लिहिलेच नाहीत. काम चोख करणाऱ्या माणसाचा पगार दुसऱ्याच्या आळसापायी अडकलेला, आणि मी त्याला विचारत होते की दहा मिनिटं उशीर का झाला.

दप्तरदिरंगाईचा कायदा आपण सगळे पाठ करतो: कोणतीही फाइल सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त एका टेबलावर राहू नये. २०१५ साली लोकसेवा हक्क कायदा आला आणि नागरिकाला कोणता दाखला किती दिवसांत मिळावा हेही बांधून दिलं गेलं. पण ज्याच्या हातून तो दाखला निघतो त्याचं स्वतःचं देयक, रजेचा अर्ज, भविष्य निर्वाह निधीचा अग्रिम कुठं अडलाय हे कोण विचारतं? मी एक साधी वही केली. डावीकडे नाव, उजवीकडे त्या माणसाचं अडलेलं काम. दर सोमवारी सकाळी टपाल बघण्याआधी ती वही. कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या कागदालाही सात दिवसच, असा नियम मी माझ्यापुरता लावून घेतला. अण्णा एकदा सहज जिल्ह्याला गेले की दोन-तीन प्रकरणं हातोहात मार्गी लावून येत. बाईंच्या देयकाला चार महिने लागले. लिपिकाचे अहवाल मिळवायला मला त्या आधीच्या साहेबांना पाच फोन करावे लागले. सहावा त्यांच्या सध्याच्या वरिष्ठांना केला, मग आले.

किरकोळ रजेचंही तसंच. वर्षाला आठ असतात. द्यायची तर लगेच द्या, नाकारायची तर लगेच आणि कारण सांगून नाकारा. अर्ज ड्रॉवरमध्ये ठेवून माणसाला आशेवर ठेवू नका. रजा मिळाली नाही यापेक्षा 'साहेबांनी बघतो म्हटलं' याचा राग जास्त टिकतो.

एक गोष्ट मात्र मला उशिरा उमगली, आणि ती पैशाची नव्हती. सुरुवातीला माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक टिपणीच्या शेवटी फक्त 'आदेशार्थ सादर' असे. ना मत, ना नियमाचा हवाला. मला वाटलं, यांना कामच येत नाही. वीस वर्षं फेरफार आणि वारस नोंदी हाताळलेल्या माणसाला मत नसेल कसं? अण्णांना विचारलं, तर म्हणाले, 'मत लिहिलं की चौकशीत तेच काढतात, मॅडम. साहेब म्हणतात, टिपणीवर विसंबून सही केली.' कुणाची तरी पेन्शन अशाच एका टिपणीपायी अडकल्याची गोष्ट प्रत्येक कार्यालयात सांगितली जाते. खरी किती, खोटी किती, देव जाणे. पण तिची भीती खरी असते.

म्हणून मी तोंडी आदेश देणं बंद केलं. म्हणजे प्रयत्न केला, पूर्ण बंद कधीच होत नाही. फोनवर काही सांगितलं तर दुसऱ्या दिवशी फाइलवर स्वतःच्या हातानं लिहायचे, 'काल सायंकाळी दूरध्वनीवरून मी निर्देश दिले होते.' टिपणीतलं मत पटलं नाही तर ते खोडायला लावायचं नाही. खाली माझं वेगळं मत कारणासह लिहायचं आणि सही करायची. 'अमुक असं लिहून आणा' हे कधीच म्हणायचं नाही. हे सगळं फार मोठं वाटत नाही ना? साधारण पाच-सहा महिन्यांनी पहिली टिपणी आली ज्यात खाली लिहिलं होतं, 'कार्यालयाचे मत असे की, अर्ज नामंजूर करणे उचित होईल, कारण...' आणि पुढं दीड पान. ते दीड पान मला कुठल्याही सत्कारापेक्षा मोलाचं वाटलं.

सत्काराचं निघालंच आहे तर सांगते. १ ऑगस्टला महसूल दिन असतो, नवं महसुली वर्ष सुरू होतं, उत्कृष्ट कर्मचाऱ्यांना प्रमाणपत्रं देतात. मी जिथं जिथं होते तिथं ही प्रमाणपत्रं पाळीपाळीनं फिरत असल्याचं बघितलं. कुणाला वाईट नको वाटायला! ज्याला मिळतं त्यालाही ते ठाऊक असतं. देऊ नका असं म्हणत नाही. फक्त त्यानं कुणी पेटून उठेल अशी अपेक्षा ठेवू नका.

मतदान १७ एप्रिलला होतं. साहित्य स्वीकारण्याची एक बाजू माझ्याकडे होती. मतदान पथकं पहाटे उठून केंद्रावर गेलेली असतात, संध्याकाळी यंत्रं सील करून, मतांचा हिशेब लिहून, ट्रकमधून धक्के खात परत येतात आणि मग स्वीकृतीच्या रांगेत उभी राहतात. आधीच्या निवडणुकीत शिक्षकांना तिथं तीन-तीन तास ताटकळावं लागल्याचं ऐकलं होतं. आम्ही टेबलं वाढवली, नमुने तपासायला अनुभवी तलाठी बसवले, दारातच पाण्याचा टँकर आणि खिचडीचं पातेलं ठेवलं, आणि मोबाइल चार्जिंगसाठी दोन लांब बोर्ड ओढून घेतले. ही बोर्डाची कल्पना त्या सातव्या लिपिकाची. शेवटचं पथक पावणेतीनला आलं. त्यातल्या एका गुरुजींनी पिशवी टेबलावर ठेवली आणि पहिलं काय विचारलं असेल तर, 'खिचडी उरलीय का?' उरली होती, कारण अण्णांनी पातेल्याचा तळ झाकून ठेवला होता.

पहाटे चारला आम्ही पाच-सहा जण पायऱ्यांवर बसलो होतो. लिपिक म्हणाला, 'मॅडम, उद्याचं मस्टर?' सगळे गप्प झाले. मी म्हटलं, 'मस्टर माझ्याकडेच आहे. दुपारी या.' मग तो हसला. त्या नोटिशीचा विषय त्या रात्री मिटला असं मी धरून चालते.

आता, सगळेच चांगले असतात असं नाही. माझ्याकडे एक जण होता ज्याचं टेबल कायम रिकामं, कारण त्याचं काम शेजारच्या टेबलावर सरकत असे. चालत्या बैलालाच पराणी, ही आपल्या कार्यालयांची जुनी खोड आहे. जो करतो त्याच्याकडेच आणखी दिलं जातं आणि जो करत नाही त्याला 'त्याच्या नादी लागू नका' म्हणून सोडलं जातं. समजुतीनं बघितलं, उपयोग झाला नाही. मग लेखी कार्यवाटप आदेश काढला, महिन्याला दप्तर तपासणी लावली, दोन ज्ञापनं (लेखी समज) दिली आणि शिस्त व अपील नियमांतल्या नियम १० खाली किरकोळ शिक्षेच्या कारवाईचा प्रस्ताव वर पाठवला. वेतनवाढ रोखली गेली. तो सुधारला का? थोडासा. पण शेजारच्या टेबलावरची बाई त्या दिवसापासून वेगळ्याच उमेदीनं काम करू लागली, आणि माझ्या लेखी मोठी गोष्ट ती होती. कारवाई टाळणं म्हणजे चांगुलपणा, असं समजू नका.

नेतृत्वाची उदाहरणं विचाराल तर मी कायम अनिलकुमार लखीनांचं देते. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ते अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, जिल्हाधिकारी होते. 'लखीना पॅटर्न', म्हणजे कार्यालयातले कागद आणि कामं नीट लावायची त्यांची पद्धत, म्हटलं की लोकांना गठ्ठे आणि अभिलेखच आठवतात. मला त्यात दिसतो तो कारकुनाचा विचार: तो बसतो कुठं, कागद त्याच्या हाताशी आहे का, आपलं काम नेमकं कोणतं हे त्याला ठाऊक आहे का. पुढं २०१७ मध्ये चंद्रकांत दळवी विभागीय आयुक्त असताना पुणे विभागात झिरो पेंडन्सीची, म्हणजे एकही काम प्रलंबित न ठेवण्याची, मोहीम झाली, तेव्हाही सुरुवात कपाटं उघडून कागद लावण्यापासूनच झाली. मी मात्र छोटंसंच केलं. निराधार योजनेचं टेबल जिन्याखालच्या अंधारातून खिडकीपाशी आणलं आणि समोर म्हाताऱ्या माणसांसाठी बाकडं टाकलं. बाई त्या दिवशी घरून टेबलक्लॉथ घेऊन आल्या.

आता पाच दिवसांचा आठवडा आहे, वेळ पावणेदहा ते सव्वासहा झाली आहे, तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं आहे. तुम्ही रुजू व्हाल तेव्हा आणखी काही बदललेलं असेल. सेवापुस्तकं मात्र त्याच कपाटात असतील.

माझी बदली झाली तेव्हा कार्यमुक्त होण्याआधीचे दोन दिवस मी फक्त गोपनीय अहवाल लिहिले. अकराच्या अकरा. शेवटच्या पाकिटाला लाख लावून अण्णा म्हणाले, 'मॅडम, एक विचारू? तुमचं स्वतःचं सेवापुस्तक कुठंय?' मी म्हटलं, इथंच असेल. नव्हतं. परिविक्षाधीन (नेमणुकीनंतरच्या चाचणीच्या) काळातल्या कार्यालयातून ते आलेलंच नव्हतं. माझी एकही वेतनवाढ त्यात नोंदलेली नव्हती, नामनिर्देशन कोरं. अण्णांनी खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि ड्रॉवरमधून कोरे नमुने काढले. 'बसा,' म्हणाले, 'पूर्ण नाव सांगा.'