कान्हेरीला जाताना माकडांशी कसे वागावे

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात सोमवारी जाऊ नये. त्या दिवशी ते बंद असते. बोरिवली स्थानकाच्या पूर्वेकडून उद्यानाचे मुख्य प्रवेशद्वार पायी चालण्याच्या अंतरावर आहे, आणि तेथून कान्हेरी लेणी आत सहा-सात किलोमीटरवर आहेत. उद्यानाचे तिकीट वेगळे व लेण्यांचे वेगळे, हे ध्यानात ठेवून सकाळी लवकर आत शिरावे. पाणी स्टीलच्या बाटलीत घ्यावे, कारण एकदा वापरून फेकायचे प्लास्टिक आत चालत नाही. खाण्याचा डबा घट्ट झाकणाचा असावा आणि तो पिशवीच्या तळाशी जावा. या साध्या गोष्टीचे महत्त्व लेण्यांच्या पायऱ्यांपाशी पोचल्यावर कळते.

कारण या सहलीतला खरा अवघड भाग तेथेच आहे. बिबट्याची धास्ती घेऊन आलेली मंडळी माकडांपुढे मात्र बेफिकीर असतात, आणि ओरखडे मात्र माकडांकडूनच घेऊन जातात. काळ्या तोंडाची, लांब शेपटीची वानरे सहसा स्वतःहून अंगावर येत नाहीत. लाल तोंडाची माकडे मात्र टोळीने वावरतात, माणसाच्या हातातली पिशवी ओळखतात आणि प्लास्टिकच्या चुरचुर आवाजावर लांबून येतात.

यावर सर्रास दिला जाणारा सल्ला असा, की एखादे बिस्कीट दूर फेकावे म्हणजे सुटका होते. हा सल्ला निव्वळ चुकीचा आहे. घाबरवले की खायला मिळते, एवढाच धडा माकड त्यातून घेते आणि तो पुढच्या माणसावर, बहुधा हातात खाऊ असलेल्या लहान मुलावर, वापरते. शिवाय जंगली प्राण्यांना छेडणे आणि कचरा टाकणे हे वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार गुन्हे आहेत. माकडापुढे वेफर्सचे पाकीट नाचवून छायाचित्र काढणारा माणूस एकाच वेळी दोन्हींच्या वाटेवर असतो. काठी उगारण्याचा दुसरा सल्लाही मला मान्य नाही. एकटे माकड काठीला दबेल, पण पिल्लू पोटाशी घेतलेली मादी किंवा टोळीतला थोराड नर दबण्याऐवजी चवताळतो, आणि मग बाकीची टोळीही धावून येते.

करायचे ते असे. लेण्यांच्या आवारात काहीही खाऊ नये आणि मुलांच्या हाती खाऊ देऊ नये. पिशवी पाठीवर न लटकवता पोटाशी धरावी. माकड जवळ आलेच, तर त्याच्या डोळ्यांत डोळे घालून पाहू नये, आणि छायाचित्रासाठी दात दाखवून हसू तर मुळीच नये, कारण रोखलेली नजर माकडाला आव्हान वाटते आणि उघडे दात त्याच्या जगात आपल्या हसण्याचा अर्थ सांगत नाहीत. हात मागे लपवले तर त्यात काहीतरी आहे असे समजून ते पाठीशी येते. म्हणून दोन्ही रिकामे तळवे उघडून दाखवावेत, नजर बाजूला वळवावी आणि पाठ न फिरवता सावकाश मागे सरावे. पळू नये. माकडाने पिशवी धरलीच, तर रस्सीखेच न करता ती सोडून द्यावी, चष्मा-टोपीचेही तसेच. मुलाला मोठ्यांच्या मधोमध ठेवावे, एकटे पुढे पळू देऊ नये.

दात किंवा नख लागून कातडी फाटली, तर त्यावर हळद, चुना किंवा तिखट लावू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटे धुवावी आणि सहल तेथेच आटोपून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर उपचार जवळजवळ निरुपयोगी ठरतात, म्हणून 'नुसता ओरखडा आहे' हे कारण चालत नाही. रक्त आलेल्या जखमेत रेबीजच्या लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) द्यावे लागते, म्हणून त्याबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारावे. लसीचे पुढचे डोस चुकवू नयेत. जखम भरली म्हणून ते थांबवणारे लोक मी पाहिले आहेत.

बाकीचे नियम फारसे कठीण नाहीत. पावसाळ्यात लेण्यांच्या कातळपायऱ्यांवर शेवाळ साचते, म्हणून खाचा असलेल्या तळव्याचे बूट घालावेत, आणि घळीतल्या ओढ्याचे पाणी चढू लागले की तो ओलांडू नये. खडकात कोरलेल्या पाण्याच्या टाक्यांवर मुलांना वाकू देऊ नये. तुळशी आणि विहार तलावांत मगरी आहेत आणि त्यांचे पाणी मुंबई पिते, त्यामुळे तिकडे पोहण्याचा विचारही नको. बिबट्या सहसा दिसत नाही. दिसलाच तर न वाकता, न बसता, मुलाला उचलून घेऊन ताठ उभे राहावे आणि तोंड त्याच्याकडे ठेवूनच मागे सरावे. आखलेली वाट सोडून रानात शिरू नये. जखमी किंवा अडकलेला प्राणी दिसला तर हात न लावता वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे.

परतीचा निर्णय लेण्यांतून निघतानाच करावा. प्रवेशद्वारापर्यंतचे अंतर पायी कापायचे असेल, तर अंधार पडण्यापूर्वी बाहेर पोचू अशा बेताने दोन तास हाताशी ठेवून निघावे. तेवढा वेळ नसेल तर मुकाट्याने बस पकडावी.