नोकरी सांभाळून दिवाळी फराळाचा व्यवसाय: श्रावणापासूनची तयारी

सर्वांत आधी एक वही घ्या आणि तिच्यात मोकळे तास लिहून काढा. भांडवल किती, नाव काय ठेवायचं, खोक्यावर चित्र कोणतं, हे सगळं नंतर. नोकरदार माणसाकडे थोडीफार बचत असते, ओळखी असतात, ऑफिसात गिऱ्हाईक शेजारच्याच टेबलावर बसलेलं असतं. नसतो तो वेळ. नवरात्रापासून धनत्रयोदशीपर्यंत रोज संध्याकाळी साडेसात ते साडेदहा खरंच हाताशी आहेत का? रविवार किती येतात, त्यातले किती घराच्या साफसफाईत आणि मुलांच्या सहामाही परीक्षेत जातील? दिवाळी कधी ऑक्टोबरात येते, कधी नोव्हेंबरात, म्हणून पंचांग आणि ऑफिसचं वेळापत्रक शेजारी ठेवून बघा. अकाउंट्समध्ये असाल तर सप्टेंबरअखेर, आयटीत असाल तर रिलीजच्या तारखा, बँकेत असाल तर महिनाअखेर, हे दिवस आधीच काट मारून टाका.

वहीत घरातल्या प्रत्येकाचा रकाना वेगळा हवा. आई किंवा बायको दिवसभर घरीच असते, असं म्हणून तिचा अख्खा दिवस परस्पर धंद्याच्या खात्यात धरला जातो. हे मी कितीतरी घरांत पाहिलं आहे आणि ते मला मनापासून खटकतं. नवरा ऑफिसात, ऑर्डरी त्याच्या फोनवर, कौतुक त्याचं, आणि कढईपाशी दुपारभर दुसरंच कोणी उभं. तिला विचारा. ती सांगेल तेवढेच तास लिहा आणि त्या तासांचा दर आताच ठरवा. मुख्य काम तीच करणार असेल तर नोंदणी, बँक खातं, सगळं तिच्या नावावर करा; व्यवसाय तिचाच आहे.

आता तासांचे किलो करायचे. चकलीवरून हिशेब लवकर कळतो. मध्यम कढईत एका घाण्यात सहा-सात चकल्या बसतात. मंद आचेवर नीट आतपर्यंत तळायच्या तर एका घाण्याला सात-आठ मिनिटं जातात. वीसेक ग्रॅमची चकली धरली तर किलोत पन्नास येतात, म्हणजे सात-आठ घाणे. नुसतं तळणच तासाभराचं. त्यात पीठ भिजवणं, मळणं, सोऱ्यातून पाडणं, गार करणं, भरणं आणि ओटा पुसणं धरलं की एका माणसाचे किलोमागे दोन तास सहज जातात. म्हणजे संध्याकाळच्या तीन तासांत दीड किलो, दोघं असाल तर तीन. पहिल्या वर्षी लोक शंभर किलोची स्वप्नं बघतात आणि नरक चतुर्दशीच्या पहाटे तीन वाजता रडकुंडीला येतात, ते हा हिशेब आधी न केल्यामुळे.

यादीत काय ठेवायचं तेही यावरूनच ठरवा. पातळ पोह्यांचा चिवडा एका रविवारी दहा किलो होतो. शंकरपाळे, शेव, बेसनाचे लाडू हेही नोकरी करणाऱ्याला झेपतात. करंजी एकेक हाताने भरायची असते, ती पहिल्या वर्षी मोजकीच घ्या. अनारशांचं पीठ तीन दिवस तांदूळ भिजवून, रोज पाणी बदलून, आधीच करून ठेवता येतं, ही सोय खरी. पण अनारसा तुपात विरघळला तर सगळा घाणा वाया जातो. हात बसलेला असेल तरच तो यादीत घाला. पाच पदार्थ पुरे. चिरोट्यांची फर्माईश येईल, तेव्हा ‘यंदा नाही’ म्हणा.

दर लावताना शेजारच्या दुकानाची पाटी बघून दोन-पाच रुपये कमी करू नका. डाळी, तांदूळ, तेल, तूप, गॅस, दळणाचे पैसे, डबे, रिक्षाभाडं, मोडलेल्या चकल्या आणि ती मघाची मजुरी, सगळं एका पानावर मांडा. तासाला १०० रुपये धरले तरी चकलीच्या किलोमागे मजुरीचेच २०० होतात. ते धरल्यावर दर जास्त वाटला तर पदार्थ बदला. मजुरी मात्र काढू नका, कारण एकदा ती काढली की व्यवसाय फायद्यात आहे की घरच्यांच्या फुकटच्या कष्टांवर चाललाय हे कधीच कळत नाही.

श्रावणातच एका संध्याकाळी नेमणूक पत्र बाहेर काढून वाचा. पूर्ण वेळ कंपनीच्याच सेवेसाठी देण्याचं, दुसरा व्यवसाय न करण्याचं किंवा आधी परवानगी घेण्याचं कलम बहुतेक पत्रांत असतं. सप्टेंबर २०२२ मध्ये विप्रोने ३०० कर्मचारी प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठी काम करताना आढळले म्हणून काढले, आणि पुढच्याच महिन्यात इन्फोसिसने वरिष्ठांच्या पूर्वसंमतीने बाहेरची छोटी कामं करता येतील असं कर्मचाऱ्यांना कळवलं. फराळाची कुठल्या सॉफ्टवेअर कंपनीशी स्पर्धा नाही हे उघड आहे, तरीही एचआरला दोन ओळींचा मेल टाका आणि उत्तर जपून ठेवा. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचं प्रकरण वेगळं. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ प्रमाणे पूर्वपरवानगीशिवाय खासगी व्यापार करता येत नाही. घरातल्या माणसाचा व्यवसाय असेल तर तोही खात्याला लेखी कळवून ठेवा. परवानगी कोणतीही असो, ऑफिसचा लॅपटॉप, ऑफिसचा मेल आणि ऑफिसची वेळ ऑर्डरींसाठी वापरू नका. आणि तुमच्या हाताखालच्या माणसांना स्वतःहून यादी पाठवू नका. ती तोंडावर नाही म्हणू शकत नाहीत.

कागदपत्रांचं काम वाटतं तेवढं मोठं नाही, फक्त गणपतीच्या आधी उरकायला हवं. खाद्यपदार्थ विकायचे तर एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी हवीच, घरातून विकत असलात तरी. छोट्या उत्पादकाला परवान्याऐवजी साधी नोंदणी पुरते. त्यांच्याच फॉस्कॉस पोर्टलवर अर्ज होतो, शुल्क नाममात्र असतं आणि १४ आकडी क्रमांक मिळतो. तो पाकिटावर छापायचा. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारदरबारी नोंद, आधार आणि पॅनवर फुकट होते. त्यासाठी पैसे मागणाऱ्या वेबसाइटींपासून दूर राहा. राज्यातल्या राज्यात फक्त माल विकणाऱ्याला वर्षाच्या ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, त्यामुळे पहिल्या दिवाळीला तो विषय नाही. प्राप्तिकराचा मात्र आहे. पगाराबरोबर व्यवसायाचं उत्पन्न आलं की नेहमीचा आयटीआर-१ चालत नाही. अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत उलाढालीच्या ८ टक्के, आणि यूपीआय-बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के नफा धरून आयटीआर-४ भरता येतो. टीडीएस वजा जाता १०,००० किंवा त्याहून जास्त कर निघत असेल तर १५ मार्चपर्यंत आगाऊ कर भरायचा. यासाठी वेगळं खातं उघडा आणि क्यूआर कोड त्याच खात्याचा ठेवा; पगाराच्या खात्यात चकलीचे पैसे मिसळले की मार्चमध्ये कोणालाच काही आठवत नाही.

गॅसकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर व्यवसायासाठी वापरायला परवानगी नाही. १९ किलोचा निळा व्यावसायिक सिलिंडर घ्या, त्याचा खर्च दरात धरा आणि एजन्सीच्या माणसाकडून शेगडी, रेग्युलेटर, नळी तपासून घ्या. रोज तीन तास दोन कढया पेटणार आहेत, हा जिवाचा प्रश्न आहे. विजेचंही बघा. वीज नियामक आयोगाच्या २०२० च्या दर आदेशात, राहत्या घराच्या काही भागात व्यवसाय करणाऱ्याला महिन्याला ३०० आणि वर्षाला ३,६०० युनिटपर्यंत घरगुती दरच लावायची तरतूद होती. चालू दरपत्रकात काय आहे ते ओव्हन घेण्याआधी वाचा. सोसायटीच्या सेक्रेटरींना जाऊन भेटा. तळणाचा वास जिन्यात जाणार आहे आणि डिलिव्हरीवाले रात्री बेल वाजवणार आहेत. हे त्यांना तुमच्याकडून आधी कळलेलं बरं.

गौरी-गणपतीत रंगीत तालीम करा. पाच घरांना, पैसे घेऊन, थोडं थोडं द्या. फुकट दिलेल्या फराळाला सगळेच छान म्हणतात. पैसे दिलेला माणूस चकली कडक आहे, लाडू टाळूला चिकटतो हे सांगतो. प्रत्येक पदार्थाचा एक डबा घरात झाकून ठेवा आणि तिसऱ्या, आठव्या, पंधराव्या दिवशी चव घ्या. पाकिटावर ‘अमुक दिवस टिकेल’ लिहायचं ते या डब्यांवरून. याच वेळी प्रमाण वजनात पक्कं करा. वाटी-मुठीचं माप घरी चालतं. दहा किलोला ग्रॅम लागतात, नाहीतर एका घाण्याची चकली खुसखुशीत आणि दुसऱ्याची दगड.

पितृपक्षात खरेदी करा. पुण्यात असाल तर मार्केट यार्डाच्या भुसार विभागात, मुंबई-ठाण्याकडे असाल तर वाशीला किंवा मशीद बंदरला, शनिवारी सकाळी जा. डाळी, खोबरं, पोहे, साखर एकदम घ्या; तेल, तूप आणि शेंगदाणे मात्र लागतील तसे, खवट वास पहिला त्यांनाच येतो. चकलीची भाजणी भाजून पूर्ण गार झाल्यावरच गिरणीत न्या, आणि गिरणीवाल्याला विचारून तांदूळ दळून झाल्यावरचा नंबर घ्या. आधी गहू दळलेला असेल तर जात्यातलं पीठ तुमच्या भाजणीत मिसळतं. तळणाचं तेल किती वेळा वापरायचं याचाही नियम घालून घ्या. एफएसएसएआयने जुलै २०१८ पासून तळणाच्या तेलातल्या ‘टोटल पोलर कंपाउंड्स’ची, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात वाढणाऱ्या घटकांची, मर्यादा २५ टक्के ठेवली आहे, घरी ते मोजायचं यंत्र नसतं, पण तेल काळपट झालं, फेसाळलं, दाटलं की ते टाकायचं, मग ते कितीही महाग असो.

ऑर्डरी घटस्थापनेपासून घ्या आणि कोजागिरीला बंद करा. निम्मे पैसे आगाऊ. व्हॉट्सअ‍ॅपवर नाव, पत्ता, पदार्थ, किलो, तारीख या ठरलेल्या क्रमानेच मागवा आणि त्याच रात्री वहीत उतरवा. वहीच्या पहिल्या पानावर तासांवरून काढलेला किलोंचा आकडा मोठ्या अक्षरांत लिहा. तो भरला की सख्ख्या मावशीलाही ‘आत्या-मावशींचा घरचा डबा वेगळा पाठवतो, विकतची ऑर्डर आता नाही’ असं सांगता आलं पाहिजे. ते वाक्य आधीच तयार ठेवा, ऐन वेळी सुचत नाही. परदेशातलं पार्सल पहिल्या वर्षी घेऊच नका. अमेरिकेने ८०० डॉलरच्या आतल्या पार्सलांची शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद केली आहे, शिवाय विक्रीच्या खाद्यपदार्थांना तिथल्या अन्न-औषध प्रशासनाला (एफडीए) पूर्वसूचना द्यावी लागते. न्यू जर्सीतल्या मुलासाठी आई तळमळीने विचारते, नाही म्हणताना जड जातं, तरीही.

वजनकाटा वैधमापन विभागाकडून पडताळून, शिक्का मारून घ्या. पाकिटावर पदार्थाचं नाव, घटक, निव्वळ वजन, किंमत, तयार केल्याची तारीख, टिकण्याचा काळ, शाकाहारीचं हिरवं चिन्ह, पत्ता, फोन आणि नोंदणी क्रमांक हवा. चिवड्यात शेंगदाणे आहेत हे ठळक लिहा. कोणाच्या तरी मुलाला त्याची अ‍ॅलर्जी असते. चकली गरम असताना भरली तर सकाळपर्यंत मऊ पडते, म्हणून रात्री तळलेला माल परातीत कागदावर पसरून पूर्ण गार झाल्यावर त्याच रात्री हवाबंद डब्यात घाला, आणि पाकिटं दुसऱ्या दिवशी भरा.

रजेचा अर्ज दसऱ्याआधी द्या, वसुबारसेच्या आधीच्या दोन दिवसांसाठी. आजारी असल्याचं सांगून घरी राहू नका. मंजूर रजेत जेवढं होईल तेवढंच करा. धनत्रयोदशीला शेवटचा डबा पोचला पाहिजे आणि त्या संध्याकाळी घरातली शेगडी बंद झाली पाहिजे, म्हणजे तळणाऱ्या माणसालाही दिवाळी मिळेल.

तुळशीच्या लग्नाच्या आत हिशेब पुरा करा. घरच्यांची मजुरी सगळ्यात आधी, प्रत्यक्ष त्यांच्या खात्यात. मग किलोमागे खरोखर किती तास गेले ते अंदाजाशेजारी लिहा, कोणता पदार्थ परत आला, कोणाचे पैसे राहिले, आणि ज्यांना जागा नाही म्हणून नाही म्हटलं त्यांची नावं-फोन वेगळ्या पानावर. चैत्रात कुरडया-पापडांची वेळ येईल तेव्हा पहिला फोन त्या पानावरच्या माणसांना करायचा.